इंदिराबाई कुणाला देवीसारख्या, कुणाला डोळ्यांसमोर नकोशा, असं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या पंगतीत इंदिरा गांधींचं नाव काढून बघा. जिलबी वाढेपर्यंत दोन तट पडलेले असतात. त्यांना जाऊन चाळीस वर्षं उलटली, त्यांना पाहिलेली पिढी म्हातारी झाली, तरी वाद तितकाच ताजा आहे. मी त्या काळाबद्दल अधूनमधून बोलतो, आणि बोलून झालं की ठरावीक प्रश्न येतात. तेच इथं घेतले आहेत. मला तटस्थ मात्र समजू नका. आमचं गाव कराडजवळचं. घरात आजी बाईंची भक्त, काका आणीबाणीत एकोणीस महिने तुरुंगात, आणि वडील बँकेत कारकून. मी तिन्ही खुंट्यांना बांधलेला आहे.

खेड्यातल्या बायकांना त्या इतक्या जवळच्या का वाटत?

तोवर सरकार म्हणजे तलाठी, फौजदार, मामलेदार. सगळे पुरुष, आणि बहुतेक ओरडणारे. त्या सरकारला पहिल्यांदाच बाईचा चेहरा आला. डोक्यावर पदर, नवरा लवकर गेलेला, पदरी दोन मुलगे. आमच्या आजीला काँग्रेसचं आर्थिक धोरण माहीत नव्हतं, पण फिरोज गांधी १९६० साली गेले आणि बाईनं पुढं सगळं एकटीनं ओढलं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. ती त्यांना ‘इंद्राबाई’ म्हणायची, जशी भावकीतली कुणी असावी.

दुसरं कारण पोटाचं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळी कामांवर मिळणारा खाऊ) हे शब्द विसरता येत नाहीत. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण ती होती म्हणून माणसं जगली. खडी फोडायची, नालाबांध घालायचे, आठवड्याचा पगार घ्यायचा. ही रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, राबवली वसंतराव नाईकांच्या राज्य सरकारनं. आजीच्या हिशेबात मात्र ‘इंद्राबाईनं जगवलं’. हा हिशेब चुकीचा असेल, पण राजकारणात चालतो तो हाच. श्रेय वर चढत जातं आणि जो चेहरा ओळखीचा असतो तिथं जाऊन थांबतं. दोषाचंही पुढं तसंच झालं.

तिसरं कारण सावकाराचं. आणीबाणीच्या पहिल्या काही महिन्यांतच महाराष्ट्रात कर्जमुक्तीचा कायदा झाला आणि छोटे शेतकरी, मजूर, कारागीर यांच्या गहाण वस्तू सावकारांनी परत द्यायच्या असं ठरलं. ज्या बाईची जोडवी सावकाराच्या कपाटातून परत आली, तिला ‘लोकशाहीचा खून झाला’ हे पटवून देणं अवघड होतं. काकांनी तुरुंगातून सुटल्यावर प्रयत्न करून पाहिला. आजी म्हणाली, ‘तुझं तुला, माझं मला.’

‘गरिबी हटाओ’नं गरिबी हटली का?

नाही. पण घोषणेचं काम निवडणूक जिंकायचं होतं आणि ते तिनं चोख केलं. विरोधक ‘इंदिरा हटाओ’ म्हणत होते, त्यावर त्यांनी ‘मी म्हणते गरिबी हटाओ’ असं सांगितलं आणि १९७१ ला लोकसभेच्या ३५२ जागा आणल्या.

संयुक्त महाराष्ट्राशी त्यांचा काही संबंध होता का?

होता, आणि मराठी माणसाच्या जुन्या जिव्हाळ्याचं एक मूळ तिथं आहे. १९५९ मध्ये त्या काँग्रेसच्या अध्यक्ष होत्या. द्वैभाषिक मुंबई राज्य टिकणार नाही, ते मोडून महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे करावेत, या बाजूनं त्यांनी पक्षात वजन टाकलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मुळात तो मिळवला आंदोलनानं आणि हुतात्म्यांनी, याबद्दल दुमत नको. पण दिल्लीत कोण ऐकत होतं आणि कोण ऐकत नव्हतं हे लोकांच्या लक्षात राहिलं.

न ऐकणाऱ्यांत पहिलं नाव मोरारजी देसाईंचं. गोळीबार झाले तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेच होते. जानेवारी १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्री ताश्कंदला वारले आणि पक्षात नेतेपदासाठी मोरारजी विरुद्ध इंदिरा असा सामना झाला. त्यात बाई ३५५ विरुद्ध १६९ मतांनी जिंकल्या. महाराष्ट्रात अनेकांना आनंद झाला तो बाई जिंकल्याचा कमी, मोरारजी हरल्याचा जास्त. नियतीची गंमत अशी की अकरा वर्षांनी, आणीबाणीच्या रागापायी, त्याच मराठी माणसांना मोरारजींना पंतप्रधान करणारं मत द्यावं लागलं.

बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचं एवढं कौतुक कशासाठी?

१९ जुलै १९६९ ला चौदा मोठ्या बँका सरकारच्या ताब्यात आल्या. त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. मोरारजींकडून अर्थखातं काढून घेतल्यावर तीनच दिवसांनी हे झालं. म्हणजे यात तत्त्व होतं आणि पक्षातल्या जुन्या पुढाऱ्यांना दिलेला शहही होता. दोन्ही एकाच चालीत. त्यांच्या बऱ्याच निर्णयांचं असंच आहे. चाहत्यांना त्यात गरिबांचा कळवळा दिसतो, विरोधकांना खुर्चीचं गणित, आणि दोघांकडेही पुरावा असतो.

गावाकडून पाहिलं तर तालुक्याच्या गावात बँकेची पाटी लागली. म्हैस घ्यायला, विहिरीवर इंजिन बसवायला कर्ज मिळू लागलं. शहरातल्या मध्यमवर्गाला नोकऱ्या लागल्या, आमच्या वडिलांची त्यातलीच. पुढं याच बँकांत पुढाऱ्यांच्या शिफारशीनं कर्जं वाटली गेली, बुडाली, हेही खरं. काका यावर तावातावानं बोलत. पण त्यांची स्वतःची ठेव शेवटपर्यंत सरकारी बँकेतच होती. खासगी बँकेचा माणूस दारात आला की म्हणायचे, ‘बुडलात तर कुणाला धरायचं?’

बांगलादेशाचं युद्ध जिंकलं सैन्यानं. मग श्रेय बाईंना का?

युद्ध तेरा दिवसांचं, ३ ते १६ डिसेंबर १९७१. त्याच्या आधीचे आठ-नऊ महिने त्यांचे होते. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले होते. संसदेतून, वर्तमानपत्रांतून ‘आत्ताच घुसा’ असा धोशा होता. त्या घुसल्या नाहीत. लष्कराला तयारीला वेळ दिला, पावसाळा जाऊ दिला, ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार करून पाठ सुरक्षित केली आणि मग युरोप-अमेरिकेचा दौरा करून जगाला परिस्थिती सांगून आल्या. अमेरिकेनं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडं हाकललं, तेव्हाही डगमगल्या नाहीत. ढाक्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी शरण आले.

१९६२ ला चीनकडून खाल्लेल्या माराची सल अजून ओली होती, अमेरिकेच्या गव्हावर देश जगतो हे टोमणे ऐकून झाले होते. अशा वेळी कुणीतरी ताठ मानेनं उभं राहिलं, याची नशा मोठी असते. आमचे काकासुद्धा डिसेंबर १९७१ बद्दल वाईट शब्द काढत नसत. फार तर म्हणत, ‘सिमल्यात घालवलं.’ सिमला करारानंतर पाकिस्तानी कैदी परत दिले आणि काश्मीरचा प्रश्न मिटवून घेतला नाही, हा तो आक्षेप.

वाजपेयी त्यांना ‘दुर्गा’ म्हणाले होते ना?

हे सगळ्यांना माहीत असतं आणि वाजपेयींनी स्वतः ते नाकारलेलं आहे. पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी मात्र त्यांना दुर्गेच्या रूपात रंगवलं होतं, तेही आणीबाणीच्या काळात.

आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या, कचेऱ्यांत शिस्त होती. मग एवढा राग कशाचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर लांब आहे.

शिस्त होती. वडील दहाच्या ठोक्याला टेबलाशी बसत. मुंबईत हाजी मस्तानसारखे तस्कर आत गेले. भाव उतरले. पण भाव का उतरले, तेही पाहा. १९७३ च्या तेलाच्या धक्क्यानं आणि सलग कोरड्या वर्षांनी १९७४ मध्ये घाऊक महागाई २५ टक्क्यांच्या पुढं गेली होती. तिला आवर घालायचे उपाय आणीबाणीच्या आधीच सुरू झाले होते आणि १९७५ ला पाऊस चांगला झाला. वरुणराजानं आणीबाणीच्या खात्यावर जमा केलेली ही रक्कम आहे. शिवाय संपाला बंदी आणि किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर. गिरणीतल्या माणसानं शिस्तीची किंमत खिशातून मोजली.

आता राग. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी त्यांची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीवर सही केली. या दोन तारखांमध्ये तेरा दिवस आहेत, आणि विरोधकांचा सगळा मुद्दा त्या तेरा दिवसांत मावतो. देशाला धोका होता की खुर्चीला? बिहार आणि गुजरातची आंदोलनं, १९७४ चा रेल्वे संप, देश अस्वस्थ होता यात शंका नाही. पण मंत्रिमंडळाला कळलं ते सही झाल्यावर, सकाळी.

पुढं आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगानं आकडे काढले. मिसा या विनाचौकशी अटकेच्या कायद्याखाली सुमारे ३५ हजार आणि संरक्षण नियमांखाली ७५ हजारांहून जास्त माणसं पकडली गेली. संघाचे, समाजवादी, सर्वोदयी, मार्क्सवादी, जमाते इस्लामीचे. येरवड्यात सरसंघचालक बाळासाहेब देवरसही होते. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळं बोलले.

एक गोष्ट आकड्यात येत नाही. काकांना नेलं तेव्हा किती दिवसांसाठी ते कुणालाच सांगता येत नव्हतं. शिक्षा झालेल्या चोराला सुटकेची तारीख असते. काकूनं पहिल्या दिवाळीला चकल्या करून ठेवल्या, ‘सुटतील’ म्हणून. दुसऱ्या दिवाळीला केल्या नाहीत. ज्या घरात हे झालं त्या घराला गाड्यांचं वेळापत्रक सांगू नये.

नसबंदीचा मुद्दा महाराष्ट्रात किती होता?

उत्तर भारताइतका भीषण नाही, पण होता. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. त्यामागं संजय गांधींचा रेटा होता आणि खाली शिक्षक-ग्रामसेवकांना ठरवून दिलेले कोटे. केस आणा, नाहीतर पगार अडेल. एक प्रकार मात्र खास आपला. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक देशात पहिल्यांदा महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पुरोगामी महाराष्ट्राच्या भाषणांत हा प्रसंग सहसा येत नाही.

मराठी लेखक कुठल्या बाजूला होते?

दोन्ही. डिसेंबर १९७५ मध्ये कराडलाच साहित्य संमेलन झालं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे बाईंच्या मंत्रिमंडळातले परराष्ट्रमंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. मुंबईत आजारी असलेल्या, इंदिराविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करा, असं दुर्गाबाईंनी त्या मांडवात सांगितलं. त्या दिवसांत तेवढं म्हणायलाही छाती लागायची. पुढं त्यांना अटक झाली. १९७७ ला पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचारात उतरले आणि लोक हसायला आले ते गंभीर होऊन परतले.

दुसरीकडं दलित पँथरचे कवी नामदेव ढसाळांनी इंदिराबाईंच्या स्तुतीची कविता लिहिली. बाळासाहेब ठाकरे यांनी आणीबाणीला पाठिंबा दिला. पवनारला विनोबांनी ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द दिले आणि सरकारनं ते भिंतीभिंतीवर रंगवले. विनोबांना त्यातून आचार्यांचं अनुशासन म्हणायचं होतं, हा खुलासा भिंतींपर्यंत पोचला नाही. विरोधकांनी त्यांना ‘सरकारी संत’ म्हणून घेतलं.

ढसाळांकडं निव्वळ संधिसाधूपणा म्हणून बोट दाखवणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे: ज्या वस्तीत पोलीस आणीबाणीच्या आधीही वॉरंटाशिवायच येत होते, तिथं १९७५ च्या जूनमध्ये नेमकं काय बदललं?

लोकांनी १९७७ ला पाडलं आणि १९८० ला परत आणलं. लोक विसरभोळे आहेत का?

लोकांना दोन वेगळे राग आले, एवढंच. १९७७ ला त्या स्वतः रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून पडल्या, पक्ष १५४ वर आला. पण नकाशा पाहा. उत्तर भारतात धुव्वा, आंध्र-कर्नाटकात जवळजवळ सगळ्या जागा त्यांच्याच. महाराष्ट्र मधोमध: ४८ पैकी २०. आणीबाणीचा दाह जिथं जितका, राग तिथं तितका. मुंबईतून पाणीप्रश्नावर रान उठवणाऱ्या मृणाल गोरे लोकसभेत गेल्या तेव्हाची घोषणा जुन्या माणसांना अजून पाठ आहे: ‘पाणीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’

मग सत्तेवर आलेल्या जनता पक्षवाल्यांनी आपसात जे काही केलं ते बाईंच्या पथ्यावर पडलं. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्यांना अटक केली आणि दुसऱ्याच दिवशी सोडावं लागलं. त्याच्या आधी, ऑगस्टमध्ये, दलितांचं हत्याकांड झालेल्या बिहारमधल्या बेलची गावाला त्या चिखलातून हत्तीवर बसून गेल्या. सरकारमधलं कुणी गेलं नव्हतं. पुढच्या वर्षी चिकमगळूरमधून लोकसभेत आल्या. सभागृहानं त्यांना काढलं आणि आठवडाभर तिहारला धाडलं. छळ करणारी बाई छळ सोसणारी झाली, आणि आजीचा जीव पुन्हा तिळतिळ तुटू लागला. १९८० ला ३५३ जागा.

सातारा-सांगलीकडची काँग्रेसची जुनी घरंही त्यांच्यावर नाराज का?

यशवंतरावांमुळं. १९७८ च्या फुटीत ते वेगळे झाले, १९८० च्या लाटेतही साताऱ्यातून निवडून आले, पण परत पक्षात यायचं म्हटल्यावर त्यांना ताटकळावं लागलं. आमच्या भागात ही गोष्ट लोकांनी मनाला लावून घेतली. त्यात मुख्यमंत्री ठरवायचा तो दिल्लीनं. अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा: तीन वर्षांत तीन, आणि आमदारांचं काम ‘हायकमांड’ कडून निरोप आला की टाळ्या वाजवायचं. १९८० च्या फेब्रुवारीत शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारही दिल्लीनंच बरखास्त केलं. पक्ष खालून उभा राहतो हे ज्यांना माहीत होतं, त्यांच्याच हातातून बाईंनी पक्ष काढून घेतला. माझ्या मते त्यांचं सगळ्यात टिकाऊ नुकसान हेच, आणि यात त्यांचे विरोधकही त्यांचेच शिष्य निघाले.

गिरणगावात त्यांच्याबद्दल काय वाटतं?

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. सरकार नमलं नाही. लालबाग-परळमध्ये बायकांनी मंगळसूत्रं विकली, माणसं कोकणात आणि घाटावर परतली. तिथल्या म्हाताऱ्याला १९७१ चं युद्ध विचारू नका.

शिखांचा राग वेगळा का आहे?

कारण तो धोरणावरचा नाही. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात लष्कर गेलं, अकाल तख्त उद्ध्वस्त झालं. भिंद्रनवाले आणि त्याच्या हत्यारबंद माणसांचा दहशतवाद खरा होता, पण त्याला वाढू देण्यात पंजाबातल्या काँग्रेसी डावपेचांचा हात होता. ३१ ऑक्टोबरला त्यांच्याच अंगरक्षकांनी त्यांना गोळ्या घातल्या आणि पुढच्या तीन-चार दिवसांत, सरकारी आकड्यानुसार, एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले. नांदेडच्या हुजूर साहिबला जाणाऱ्या कुणाही शीख माणसाशी बोला, १९८४ हा त्याच्यासाठी इतिहासाचा धडा नाही. आपल्याकडंही त्याचा एक घाव आहे. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात हत्या झाली.

त्यांचं ‘गांधी’ आडनाव महात्माजींवरून आलं का?

नाही. नवरा फिरोज गांधी, मुंबईत जन्मलेले पारशी. गांधीजींशी नातं नाही.

तुम्हाला त्यांचं काही मनापासून आवडतं का?

वाघ. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९७३ चा व्याघ्रप्रकल्प. पहिल्या नऊ अभयारण्यांत आपलं मेळघाट होतं. वाघाला मत नसतं, त्यामुळं यात खुर्चीचं गणित शोधूनही सापडत नाही.

न आवडणारं: संजयला दिलेली मोकळीक, आणि ‘इंदिरा म्हणजे इंडिया’ असं काँग्रेस अध्यक्ष देवकांत बरुआ म्हणाले तेव्हा त्यांना गप्प न करणं.

घरातल्या म्हाताऱ्यांना याबद्दल विचारायचं तर काय विचारावं?

‘बाई चांगल्या होत्या की वाईट?’ असं विचारू नका, भाषण ऐकावं लागेल. १९७२ ला काय खात होतात, ते विचारा. १९७६ ला नोकरी कुठं होती, घरात किती मुलं होती, शेजारचं कुणाला नेलं होतं का, पहिलं बँकखातं कधी उघडलं. आणि सगळ्यात शेवटी, चहा झाल्यावर, १९७७ ला शिक्का काँग्रेसच्या गाय-वासरावर मारला की जनता पक्षाच्या नांगरधाऱ्यावर. काका तेव्हा नुकते सुटून आले होते आणि इंद्राबाईंचा फोटो भिंतीवर तसाच होता. आजी मतदानाला एकटी गेली, एकटी आली, आणि त्या दिवशी शिक्का कुठं मारला हे तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही.